कपाळावरचा चष्मा

करवती काठाची साडी एकट्यानं विणून दाखवा म्हणावं! एकानं इकडून धोटा फेकायचा, दुसऱ्यानं तिकडून झेलायचा, तेव्हा कुठे काठाला ते नाजूक दात फुटतात. इतवारीतल्या विणकरांच्या गल्लीत एका मागावर जागेश्वर आणि मार्तंड एकवीस वर्षं असे बसत होते. दोघंही सडेफटिंग, एकाच खोलीत राहणारे. आता गल्लीला ते खुपायला लागलं होतं. मारणाऱ्याचा हात धरता येतो हो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

ती कुजबुज मार्तंडच्या गावी, उमरेडपर्यंत गेली. मार्तंडचा थोरला भाऊ नानाजी येऊन सांगून गेला, "पोरगी पाहून ठेवली आहे, सोमवारी तुले न्यायले येतो." मार्तंड हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जागेश्वरचा जीव टांगणीला लागला. थांब म्हणावं, तर कोणत्या नात्यानं?

दुपारी जेवणं झाली की माग थांबे आणि मार्तंड वाचून दाखवी. जागेश्वर अंगठेबहाद्दर. सध्या रद्दीतून आणलेली, पहिली पानं उडालेली एक कादंबरी चालली होती. भोसल्यांच्या वेळची गोष्ट; एक स्वार आणि त्याच्या तलवारीला धार लावणारा एक शिकलगार, दोघांचा जीव एकमेकांत. ते पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मार्तंड खोकून थांबला होता.

"वाच ना गा, थांबला काहून?" जागेश्वर खाली मान घालून म्हणाला होता.

रविवारी शेवटची पानं आली. गावानं छी-थू केली, घरच्यांनी स्वाराचं लग्न ठरवलं. वरात निघाली आणि इकडे शिकलगार विहिरीकडे चालू लागला. मार्तंडनं चष्मा कपाळावर सारला, डोळे पुसले आणि पुढे वाचू लागला.

"स्वारानं मुंडावळ्या काढून फेकल्या. म्हणाला, मी कुठी नाही जात. मंग दोघं एकाच घरात राहिले. म्हातारे झाले."

"अन् लोकं?"

"बोलले. बोलून बोलून थकले."

जागेश्वर बघतच राहिला. अहो, चष्म्याशिवाय या माणसाला तुटलेला धागा सापडत नसे, अक्षरं काय दिसणार! आणि इतके दिवस छापील बोलणारा तो स्वार आज एकदम यांच्या गल्लीतला कसा झाला?

"हे पुस्तकातलं आहे, का तुह्या मनातलं?"

मार्तंडचा हात कपाळाकडे गेला. तो ओशाळला. "पुस्तकात शिकलगार मरते गा. माह्या तोंडून ते निघेना."

आता नाही बोललो तर कधीच नाही, हे जागेश्वरला कळत होतं.

"मार्तंडा, उद्या जाऊ नको. साडीसाठी नाही म्हणत, दुसरा विणकर भेटेल मले. माह्यासाठी थांब. तुह्याशिवाय मले करमत नाही."

मार्तंडनं पुस्तक मिटलं. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मागावर जाऊन बसला. त्या रात्री जागेश्वरला झोप कसली येते!

सोमवारी नानाजी पिशवी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा दोघं मागावर होते. जागेश्वरनं वर पाहिलं नाही.

"बसा भाऊ, चहा घ्या," मार्तंड म्हणाला. "मी कुठी नाही जात."

आणि धोटा फेकला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा जागेश्वरला तो झेलता आला नाही.

"लक्ष कुठी आहे गा तुह्यं?" मार्तंड रागावला.