राणी नावाचा बोका

महिनाभर गोदाकाठच्या रानात मेंढरं चारून भागवत घरी परतला, तेव्हा ऋतुजानं बापाच्या आधी त्याची घोंगडी उलगडून पाहिली. मग खांद्यावरची पिशवी पाहिली. मग घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काही सापडलं नाही तेव्हा ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"मांजर कुठंय?"

भागवतला आधी काही उमजेना. मग हळूहळू आठवलं. दहा-बारा दिवसांमागं पोरीचा फोन आला होता. ती काहीतरी मागत होती आणि नेमकी तेव्हाच दोन मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. "आणतो, आणतो," म्हणत तो काठी घेऊन पळाला होता. काय आणायचं कबूल केलं, ते त्यानं ऐकलंसुद्धा नव्हतं. इकडं ऋतुजानं सगळ्या वस्तीवर सांगून ठेवलं होतं. दुसरीच्या वर्गात बाईंनाही सांगून झालं होतं. मांजर पांढरं असणार, ओंजळीत मावेल एवढं असणार आणि त्याचं नाव राणी असणार, इथपर्यंत सगळं ठरलं होतं.

पोरगी रडली असती तर भागवतला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. "तुमी आणतो म्हनलते," एवढंच म्हणाली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. दीडशे मेंढरं एका शिट्टीवर वळवणारा माणूस, पण त्या पाठमोऱ्या वेण्यांपुढं त्याचं काही चालेना.

रात्रीच्या जेवणाला त्यानं बायकोजवळ, बबिताजवळ, विषय काढला.

"मांजराला माझी ना न्हाई," बबिता भाकरी थापता थापता म्हणाली. "उंदरांनी पेंडीची पोती फोडल्यात. पर आवो, ह्या लखनचं काय करायचं?"

लखन, ऋतुजाचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा होता. त्याला जनावरांची लई माया, आणि ती माया सगळी मुठीत. जे आवडलं ते त्यानं धरलंच. दिवाळीत त्यानं कोंबडीचं एक पिल्लू चड्डीच्या खिशात घालून अंगणवाडीत नेलं होतं. पिल्लू वाचलं, पण तेव्हापासून लखन दिसला की ती कोंबडी आपली सगळी पिल्लं घेऊन बैलगाडीखाली जाई.

"ह्यो दाबनार, ती वरबडनार," बबिता म्हणाली. "डोळ्याबिळ्याला लागलं म्हंजी?"

"बघतो," भागवत म्हणाला. भिंतीकडच्या वेण्या जराशा हलल्या.

गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अबरारची केळीची वखार होती. अबरार दरवर्षी बकरी ईदच्या आधी भागवतकडं बोकडं बघायला यायचा, तिथपासूनची ओळख. त्याच्या आईनं, बीबीजाननं, वखारीत उंदीर होऊ नयेत म्हणून मांजरं पाळली होती आणि आता ती मांजरंच तिचा संसार झाली होती. भागवतनं अबरारला फोन केला. पलीकडून म्हातारीनं फोन हातात घेऊन सांगितलं, "मांजर देते. पर एकटा यायचं न्हाई. लेकरं घिऊन ये. मी लेकरं बघनार, मग मांजर देनार."

रविवारी सकाळी लखन टाकीवर, ऋतुजा मागं, अशी मोटारसायकल निघाली. वखारीत शिरल्या शिरल्या पिकत्या केळ्यांचा वास नाकात बसला. बीबीजान खुर्चीवर बसली होती आणि तिच्या पायाशी खोक्यात चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. त्यातलं एक अगदी पांढरं होतं.

ऋतुजानं बापाचा हात घट्ट धरला. "पप्पा, राणी."

बीबीजाननं मात्र ऋतुजाकडं पाहिलंच नाही. तिनं लखनला समोर बसवलं, मांडी घालायला लावली आणि ते पांढरं पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. लखनचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी त्यानं पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि गाल लावून आवळलं. पिल्लानं बारीक आवाजात ओरडायला सुरुवात केली. बीबीजाननं शांतपणे त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि पिल्लू परत खोक्यात ठेवलं.

"पोरगं वाईट न्हाई," ती भागवतला म्हणाली. "वय तसं हाय. पर बेटा, मी ह्याला पिल्लू देनार न्हाई. ते बी बारीक, ह्यो बी बारीक. दोघांतल्या एकाला तरी अक्कल पाहिजे का न्हाई?"

भागवतला ते पटलं. त्यानं स्वतः लखनला कोकरू कधी दिलं नव्हतं. लखन खेळायचा तो म्हाताऱ्या शेळीशी, कारण कान ओढले तर ती सरळ चालू लागायची.

"मंग मोकळंच जावं का चाची?"

"कावून मोकळं? ह्याला न्या."

तिनं बोट केलं तिकडं गोणपाटावर एक बोका पसरला होता. नारिंगी रंग, चेहरा रुंद, एका कानाचा तुकडा गेलेला. तो झोपेतसुद्धा गल्लीचा मालक दिसत होता. "नवाब म्हनतो आमी त्याला. पाच वर्षांचा हाय. दवाखान्यात नेऊन सुई दिलीय, ऑपरेशन बी केलंय. माझ्या नातवंडांनी ह्याला फ्रॉक घातला, टोपी घातली, त्यानं कधी नख काढलं न्हाई."

ते ऐकेपर्यंत लखन धावला होता. तो बोक्याच्या अंगावर पोट टेकवून आडवा झाला. बोक्यानं एक डोळा उघडला, कंटाळल्यासारखं पोराकडं पाहिलं, त्याच्याखालून अंग सोडवून घेतलं आणि उडी मारून क्रेटच्या उतरंडीवर, लखनचा हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसला.

"बघा," बीबीजान म्हणाली. "पटलं न्हाई तर उठून जातो. भांडत न्हाई."

भागवतनं ऋतुजाकडं पाहिलं. तिचा खालचा ओठ पुढं आला होता. ती पांढऱ्या पिल्लाकडं बघत होती आणि भागवतला वाटलं, ह्या एका पोरीपायी दोन्ही आणावीत. पण मग त्याला लखनची मूठ आठवली. तो खाली बसला आणि म्हणाला, "ऋतू, पिल्लू न्यायचं आन मग दिवसभर लखनला बांधून ठिवायचं का?"

"ह्ये म्हातारं हाय," ऋतुजा पुटपुटली. "आन पुल्लिंगी हाय."

बीबीजानला हसू आलं, पण तिनं ते पदरात लपवलं. मग तिनं पोरीला जवळ बोलावून सगळं तिलाच समजावलं, बापाला नाही. तीन दिवस एकाच खोलीत ठेवायचा. त्याचं गोणपाट सोबत द्यायचं, त्याला स्वतःचा वास पाहिजे. कुणी उचलायचा नाही, कुणी मागं लागायचं नाही. त्याच्या मनात आलं की तोच येईल. ऋतुजा मान डोलावत होती, पण ओठ काही आत गेला नाही.

बोका दोन क्रेटमध्ये सुतळीनं बांधून कॅरिअरवर चढला आणि गाडी सुरू होताच त्यानं जो गळा काढला, तो वस्ती येईपर्यंत थांबवला नाही. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर माणसं कप हातात धरून वळून बघत होती. एकानं विचारलंसुद्धा, "पावणं, काय नेताय?" भागवतनं गाडी जास्तच रेटली. मागं ऋतुजा वळून क्रेटला म्हणत होती, "गप की आता. आलं घर." बोक्यानं तिचं ऐकलं नाही.

घरी आल्यावर नावाचा प्रश्न निघाला. ऋतुजानं सांगून टाकलं, की ह्याचं नाव राणी नाही, राणी पांढरी असते. पण इतके दिवस लखनच्या कानावर एकच पडलेलं होतं, की घरी राणी येणार. आता आली ती राणी. बबितानं समजावलं, "आरं, बोका हाय त्यो."

"हां," लखन म्हणाला. "राणी बोका."

तेच पडलं.

पेंडीच्या खोलीत बोक्याचा मुक्काम ठरला. पहिले दोन दिवस तो पोत्यांमागून बाहेर आला नाही. वाटीतलं दूध मात्र सकाळी संपलेलं असायचं. ऋतुजा दारातून वाटी आत सरकवायची आणि नाराजी दाखवायला लगेच निघून जायची. पण शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी वाटी बघायची. लखन दाराबाहेर पालथा पडून फटीतून आत बघत बसायचा. अंगणवाडीत जायला त्यानं चक्क नकार दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बबिता आडावरून पाणी घेऊन आली तर पेंडीच्या खोलीचं दार सताड उघडं आणि लखन उंबऱ्यात, हातात अर्धी भाकरी.

"मी धरलं न्हाई," तो आधीच सांगू लागला. "मी नुस्तं दार उघडलं. त्याला भाकर द्यायला."

खोली रिकामी होती. गोणपाट तसंच पडलेलं.

सगळी वस्ती हुडकायला निघाली. भागवतनं कडब्याची गंज चढून पाहिली, बैलगाडीखाली पाहिलं, शेजारच्या केसरबाईच्या पत्र्यावर शिडी लावून पाहिलं. केसरबाई म्हणाली, तिनं पिवळं काहीतरी हायवेच्या अंगाला जाताना पाहिलं. ते ऐकून भागवत तसाच अनवाणी सडकेपर्यंत गेला. उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक चालले होते. सडकेच्या दोन्ही बाजूंचे चर बघत तो अर्धा मैल चालला, भलतं काही दिसू नये म्हणून मनात खंडोबाला हात जोडत. काही दिसलं नाही. परत येताना त्याला तुरीच्या सऱ्यांतून आवाज ऐकू आला. शाळेच्या गणवेशातली ऋतुजा आडवं-उभं फिरत हाक मारत होती. आधी "नवाब, नवाब," कारण ते त्याच्या ओळखीचं, मग थोडं थांबून, "राणी."

"तुला तर नको व्हता ना त्यो?" भागवतनं विचारलं.

"नको व्हता," ती म्हणाली आणि आता मात्र रडायला लागली. "पर आमचा हाय की."

तिला कडेवर घेऊन तो घराकडं आला. दहा वाजत आले होते आणि मेंढरं अजून वाडग्यात कोंडलेलीच. उपाशी मेंढरांनी कालवा मांडला होता. ती सोडावीत म्हणून भागवतनं फाटकाला हात घातला आणि सवयीनं कळपावरून नजर फिरवली. एक मेंढरू कमी असलं तरी त्याला एका नजरेत कळायचं. आज त्याला एक जास्त वाटलं. सगळ्या कळपात एकच म्हातारी मेंढी शांत बसली होती, कोपऱ्यात, डोळे मिटून रवंथ करत. तिच्या पाठीवरल्या लोकरीत काहीतरी नारिंगी रुतलेलं होतं.

गेवराईच्या गल्लीतल्या नवाबाला माळरानातल्या थंडीत निजायची सगळ्यात उबदार जागा बरोबर सापडली होती.

भागवतनं हळूच घोंगडी काढली आणि बोक्यावर टाकायला पुढं निघाला, तर ऋतुजानं मागून ती धरून ठेवली.

"पप्पा, धरू नका. वखारीतल्या नानीनं सांगितलंय. त्याच्या मनात आलं की यील."

"आन न्हाई आला तर?"

"बसायचं."

ती वाडग्यातच बसली, गणवेशासकट, लेंड्यांवर. मग तिनं लखनला बोलावलं. "हात मांडीखाली घे. दोन्ही. काढायचे न्हाईत." लखननं हात मांडीखाली दाबले. भागवतनं मेंढरं सावकाश बाहेर सोडली. त्याला वाटलं, हे पोरगं एवढ्यात उठणार. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लखनचं सगळं अंग वळवळत होतं, पायाची बोटंसुद्धा, पण हात जागेवर होते.

म्हातारी मेंढी इतरांमागं जायला उठली, तसा बोका खाली आला. त्यानं आधी आळस दिला. मग चालत येऊन लखनच्या गुडघ्याचा वास घेतला, तोंडाचा घेतला. तिथं सकाळच्या दुधाच्या मिशा अजून होत्या. तिथून तो ऋतुजाकडं गेला आणि आपलं मोठं डोकं तिच्या दंडावर घासलं.

"ताई," लखन श्वासातल्या श्वासात म्हणाला, "हात काढू का?"

"थांब."

"आता?"

"एक बोट."

लखननं एक बोट काढलं. ते बोट इतक्या हळू पुढं गेलं की भागवतनं आपल्या पोराचा कुठलाच अवयव इतक्या हळू हललेला कधी पाहिला नव्हता. बोट बोक्याच्या कपाळावर टेकलं. बोक्यानं डोळे मिटले आणि त्याच्या गळ्यातून पीठगिरणीसारखी घरघर सुरू झाली. लखननं घाबरून बापाकडं पाहिलं.

"बिघडलं का ते?"

"न्हाई बे," भागवत म्हणाला. "चालू झालं."

त्या दिवशी मेंढरं रानात दोन तास उशिरा गेली, ऋतुजाची शाळा बुडाली आणि बबितानं दोघांना आडावर उभं करून धुतलं. बोका दारात बसून ते सगळं बघत होता.

पंधरा दिवसांनी अबरारच्या लोडिंग रिक्षातून बीबीजान वस्तीवर आली, केळीचा फणा घेऊन. मधल्या काळात तिचे चार-पाच फोन येऊन गेले होते. दर वेळी ती आधी लेकरांची खुशाली विचारायची आणि मग सहज आठवल्यासारखं दाखवून बोक्याची.

बोका ओट्यावर दोन पोरांच्या मध्ये उन्हाला पडला होता. लखनचा एक हात त्याच्या पाठीवर होता, पसरलेला, मूठ न करता. बीबीजाननं जरा लांबूनच हाक मारली, "नवाब."

बोक्याचा तुटका कान वळला. तो उठला, शेपटी उभारून तिच्यापर्यंत आला, तिच्या दोन्ही पायांमधून दोनदा फिरला. म्हातारी वाकली, त्याच्या मानेखाली खाजवलं. तिचे डोळे भरून आले होते. मग बोका परत फिरला, ओट्यावर चढला आणि होता तिथंच, दोन पोरांच्या मध्ये, गोल होऊन पडला.

बबितानं चहा आणला, म्हातारी तो बशीत ओतून हळूहळू प्याली.

"वखारीत करमत न्हाई त्याच्याबिगर," ती शेवटी म्हणाली. "पर जागा बराबर मिळाली."

लखन तिच्याकडं बघत होता. त्यानं थोडा विचार केला आणि ओट्यावर सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"नानी, तुमी बी ऱ्हावा की हितंच," तो म्हणाला. "मी तुमाला बी धरनार न्हाई."