झाकण उचलू नका

मी बांबूची खुर्ची बोलतेय. बसायच्या आधी ऐकून घ्या, बसू नका. माझ्या मांडीवर चिनी मातीचं एक झाकण पालथं ठेवलेलं आहे. ते इथे का आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल तर निदान त्याला हात लावू नका. तळ्याच्या पलीकडे खुर्च्या ढिगानं पडल्या आहेत, तिकडे जा.

रागीट म्हातारी म्हणाल मला. म्हणा. माझ्या जागी असता तर तुम्हीही करकरला असता.

माझा जन्म चेंगडू शहराबाहेरच्या एका खेड्यातला. फंग नावाचा कारागीर निखाऱ्यावर धरून बांबू वाकवायचा, कानाशी नेऊन ऐकायचा आणि मग पुन्हा वाकवायचा. माझ्या अंगात एकही खिळा नाही, हे त्याचंच कसब. त्याची बायको म्हणायची, हा माणूस बांबूशी जितकं गोड बोलतो तितकं माझ्याशी बोलला असता तर मी सारखी माहेरी पळाले नसते. एकाच बेटाच्या बांबूतून त्यानं मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला घडवलं. आम्हा दोघींना बागेतल्या या चहाच्या दुकानात आणलं ते आताच्या मालकीण नी बाईंच्या वडिलांनी. तेव्हापासून तळ्याच्या कठड्याशी, गिंको झाडाखाली, आम्ही शेजारी शेजारी आहोत.

माझं शहर मी पाहिलेलं नाही. पण ते मला पाठ आहे, कारण ते बघून दमलेली माणसं माझ्यावर येऊन आदळतात. पांडा बघून आलेला पहाटे उठलेला असतो, तो बसल्या बसल्या पेंगतो. मठातून आलेल्याच्या कपड्यांना उदबत्तीचा वास असतो. जुन्या गल्लीतून आलेल्याच्या हातात तिखट तेलात बुडवलेलं, काडीला टोचलेलं खाणं असतं आणि ते तेल हटकून माझ्या हातांना पुसलं जातं. सगळ्यांचा क्रम एकच. सकाळी पांडा, मग मठ, मग जुनी गल्ली, मग बागेतला चहा, संध्याकाळी हॉटपॉट, म्हणजे उकळत्या तिखट रश्श्यात शिजवत खायचं जेवण. बागेतला चहा म्हणजे मी. माझ्यावर बसतात, पेला गालाशी धरून फोटो काढतात, कान कोरणाऱ्या माणसाला कानात चिमटा घालायला सांगून किंचाळतात आणि विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे?

काही नाही, बाबांनो. इथे बघायचं नसतं. इथे बसायचं असतं. तेवढं एक सोडून सगळं करता तुम्ही.

बसणं म्हणजे काय हे थान आजोबांकडून शिकावं. आजोबा शहर बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यावर येऊन बसले आणि मग रोजच बसत आले. त्यांच्या पाठीला कुठे टेकायला लागतं, कुठल्या गुडघ्यासाठी पाय लांब करावा लागतो, सगळं माझ्या अंगवळणी पडलं. शेजारी, माझ्या बहिणीवर, वेई आजी. त्या शिवणयंत्रांच्या कारखान्यात होत्या. दोघांचेही जोडीदार गेलेले. मोगऱ्याचा चहा, सूर्यफुलाच्या बिया आणि भांडण, हा त्यांचा रोजचा नेम. भांडायला विषय लागायचा नाही. आज ऊन पडेल का, एवढ्यावर दुपार व्हायची. आजी त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणून हाक मारायच्या. चहावाला पांग किटली घेऊन आला की म्हणायचा, तुम्ही दोघं लग्न तरी करा, नाहीतर भांडण तरी मिटवा. यावर दोघं एकदमच त्याला गप्प बसवायचे. मला तर शंका आहे, तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं म्हणूनच पांग ते रोज म्हणायचा.

पुढे वेई आजींची गल्ली पाडली आणि नवी ‘जुनी गल्ली’ बांधली. त्यांच्या घराच्या जागी आता हॉटपॉटचा मसाला विकतात. आजींना शहराच्या टोकाला, उंच इमारतीत घर मिळालं. तिथून त्या मेट्रोनं यायच्या. घर नेमकं कुठे, हे आजोबांनी कधी विचारलं नाही. फोन नंबरही दोघांनी एकमेकांना दिलेला नव्हता. रोज सकाळी जे माणूस शेजारी असतं त्याचा नंबर कशाला लागतो?

आता त्या झाकणाची गोष्ट. आमच्याकडे चहाला बशी, पेला आणि झाकण असं त्रिकूट असतं आणि झाकण बोलतं. थोडा वेळ कुठे जायचं असेल तर झाकण पालथं खुर्चीवर ठेवायचं. याचा अर्थ, मी येतोय, जागा माझी आहे, चहा आवरू नका. मग दिवसभर त्या जागेला कोणी हात लावत नाही. आणि झाकण उलटं, म्हणजे उताणं करून पेल्यात टाकलं तर त्याचा अर्थ, झालं माझं, मी निघालो. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आजोबा, आजी आणि पांग तर झाकणावर तोंडच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास ठेवणारी माणसं.

आजोबांचा मुलगा शन्झनला असतो, दूर दक्षिणेत. बाबा, इकडे या, एकटे राहू नका, हा त्याचा धोशा. एक दिवस तो स्वतःच न्यायला आला. आजींना ते कळलं तेव्हा त्या दिवसभर भांडल्या नाहीत. बिया सोलत राहिल्या फक्त. निघताना म्हणाल्या, “जायचं तर जा, ड्रायव्हर. पण सांगून जा.”

आजोबा म्हणाले, “मी काय चोर आहे, न सांगता जायला?”

दुसऱ्या दिवशी आजोबा आजींच्या आधी आले. चहा आला आणि तेवढ्यात मुलगा येऊन उभा राहिला. गुडघे दाखवायला दवाखान्यात नंबर लावला आहे, आत्ताच चला, म्हणाला. आजोबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. आजी दिसेनात. मग त्यांनी झाकण उचललं, पालथं करून नीट माझ्या मांडीवर ठेवलं, वर हलकेच थोपटलं आणि गेले. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार?

ते वळणाआड गेले आणि नखं लाल रंगवलेली एक पाहुणी आली. तिनं झाकण उचललं. किती गोड, म्हणाली. डोक्यावर धरून फोटो, डोळ्यावर धरून फोटो. तोवर तिच्या गाईडनं हाक मारली, बस सुटेल म्हणून. तिनं ते झाकण उलटं करून आजोबांच्या पेल्यात टाकलं आणि गेली. मी जीव तोडून करकरले. माझ्याजवळ तेवढीच भाषा आहे. किटली घेऊन आलेल्या पांगनं पेल्याकडे पाहिलं, जरा थांबला, मग मान हलवून पेला उचलला. मला म्हणाला, ही खुर्ची एकदा दुरुस्तीला टाकली पाहिजे.

सांगा, अशा वेळी खुर्चीनं काय करावं?

आजी आल्या तेव्हा माझ्यावर कुणी दूर उत्तरेतल्या हार्बिनचा पाहुणा बूट काढून बसला होता. आजी उभ्याच राहिल्या. थान कुठे, असं त्यांनी पांगला विचारलं. पांगनं खरं तेच सांगितलं, “पेल्यात झाकण उलटं होतं, आजी.” आजींनी पिशवी काखेत मारली आणि गेल्या. आपल्याला न सांगता माणूस कायमचा निघून गेला, असंच त्यांनी वाचलं. इथलं कुणीही तसंच वाचलं असतं. पांगचंही काही चुकलं नव्हतं, हीच तर चीड आहे.

दवाखान्यात आजोबांना ठेवून घेतलं. ते काठी टेकत परत आले ते मुलाला एकट्याला शन्झनला पाठवूनच. पांगच्या तोंडून सगळं ऐकलं तेव्हा माझ्यावर इतके जोरात बसले की माझी एक जुनी पट्टी तुटली. पण करणार काय? पत्ता नाही, नंबर नाही. मग त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला. रोज दोन चहा मागवायचे आणि आजींच्या पेल्याचं झाकण माझ्या बहिणीच्या मांडीवर पालथं ठेवायचं. जागा तुमची आहे, या, असं म्हणत.

आणि रोज कुणीतरी ते उचलायचं. रोज. आजोबा सांगायचे, भांडायचे, एकदा काठीही उगारली. तर त्यांचाच व्हिडिओ निघाला आणि ‘तळ्याकाठचा चिडका म्हातारा’ बघायला अजून माणसं यायला लागली. नी बाईंनाही भाडं भरायचं असतं, त्यांनी आमच्यासमोर दोरी बांधली आणि रांग लावली. म्हाताऱ्या खुर्च्यांत बसून फोटो काढायचा, मग पुढच्याला जागा द्यायची. आजोबांना मात्र त्यांनी उठवलं नाही. खरं तर उठवणं परवडणारंही नव्हतं. आता तेही बघण्यासारखे झाले होते.

गिंकोची पानं पिवळी झाली तेव्हाची गोष्ट. रांगेत उत्तरेकडच्या पाहुण्यांचं एक कुटुंब होतं, आणि त्यांच्या मागे, पिशवी काखेत, वेई आजी. भाच्याची सासुरवाडी शहर बघायला आली होती आणि त्यांना हिंडवायचं काम आजींच्या गळ्यात पडलं होतं. आयुष्य जिथे बसून काढलं त्या जागेसाठी बाई दोरीमागे उभी होती. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आजोबांनी पाहिलं आणि उठायला गेले, पण गुडघा उठू देईना. आजींची नजर आधी गेली ती माझ्या बहिणीवरच्या झाकणाकडे. त्यांचा चेहरा आणखी आवळला.

“ड्रायव्हर, नवी सवारी मिळाली वाटतं. कुणासाठी राखलीय जागा?”

“तुमच्यासाठी.”

“पेल्यात झाकण टाकून गेलेल्या माणसाच्या शेजारी मी बसू?”

“मी खुर्चीवर ठेवलं होतं,” आजोबा म्हणाले. “या खुर्चीवर, पालथं. कुणीतरी उचललं.”

आजी पांगकडे वळल्या. पांग त्या रांगेकडे पाहायला लागला. नेमकी तेव्हाच रांगेतली एक मुलगी दोरीखालून वाकून माझ्या बहिणीच्या मांडीवरचं झाकण उचलत होती, फोटोसाठी. आजींनी ते पाहिलं. त्यांना पुढचं कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी मुलीच्या हातून झाकण काढून घेतलं, स्वतःच्या पेल्यावर ठेवलं आणि बसल्या.

मग आजी म्हणाल्या, “सहा महिने मी तुम्हाला शिव्या घातल्या.”

“घालायच्या तर इथे येऊन घालायच्या होत्या,” आजोबा म्हणाले. “मला ऐकू तरी आल्या असत्या.”

तोवर रांग कुरकुरायला लागली. मागच्या पाहुण्यांचा गाईड नम्रपणे म्हणाला, आजी, आजोबा, जरा बाजूला होता का, यांचा फोटो राहिलाय. मला वाटलं आता काठी उगारली जाणार. पण आजींना हसू फुटलं. म्हणाल्या, ही सगळी दुनिया आपलं शहर बघून जाते, आपण काय पाहिलंय? आजोबांनी विचार केला. मठाच्या दारात रोज बस थांबवत होतो, म्हणाले, पण खाली उतरलो नाही कधी. आणि पांडा? पांडा दोघांनीही पाहिलेले नव्हते. पांडा काळे की पांढरे जास्त, यावर तिथल्या तिथे भांडण सुरू झालं आणि बघून येऊनच मिटवायचं ठरलं.

आजींनी आपल्या पाहुण्यांना चहा घेऊन परस्पर घरी जायला सांगितलं आणि दोघं उठले. आजोबांनी आपलं झाकण माझ्यावर पालथं ठेवलं आणि आजींनी आपलं माझ्या बहिणीवर. मग आजींनी पिशवीतून फोन काढला आणि नंबर सांगा म्हणून आजोबांसमोर धरला. आजोबा म्हणाले, कशाला, संध्याकाळी इथेच तर येणार आहोत. आजींनी फोन परत पिशवीत टाकला. शहाणी म्हणवणारी माणसं ही! मी करकरले, पण कोण ऐकतंय.

काठी आणि पिशवी गर्दीत दिसेनाशी झाली. पांग किटली घेऊन आत गेला. म्हणून मी केव्हाची ओरडतेय. आमचं शहर बघायला आलात, बघा. पांडा बघा, मठ बघा, मसाला घ्या, कान कोरून घ्या. माझा फोटो हवा तर तोही काढा, दोरीच्या पलीकडून. ही दोन म्हातारी परत येईपर्यंत एवढं एक पाळा.

आणि ए पोरी, लाल टोपीवाली, तुलाच म्हणतेय मी. ठेव ते खाली. पालथं. होतं तसं.