डचेसची पेटी

मर्लला मी आधीच बजावलं होतं, यंत्र यंत्र करत एवढा नाचू नकोस. पण ऐकेल तर तो मर्ल कसला! वर्षभर जुन्या टेलिफोनचे सुटे भाग जोडून त्यानं ती पेटी उभी केली. कबुतरानं चकतीवर चोच मारायची, खट्ट व्हायचं, दिवा लागायचा, दाण्याचं ताट वर यायचं, आणि दर टोचीला बाहेर कागदावर पेनाची रेघ वर चढायची. माणसाचं कामच नाही. शुक्रवार ते सोमवार दार न उघडता पेटी चालली तर पदवी, नाहीतर आयोवाला बापाच्या डुकरांत परत, असं प्रोफेसर थॅचरनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

आत होती डचेस. मर्लनं दोन वर्षं स्वतःच्या हातानं चारलेली कबुतरी. तीही आधीपासूनच अर्धपोटी, कारण पोट भरलेलं कबुतर आमच्या प्रयोगशाळेत काम करत नाही.

शनिवारी दुपारी मी सँडविच घेऊन गेले, तर हा पेटीला कान लावून बसलेला. चेहरा पांढराफटक.

"वेर्ना, ताट वर येतंय, पण टिपल्याचा आवाजच नाही. दाणा अडकलाय."

"मग उघड की मेल्या!"

"उघडलं की संपलं गं सगळं."

"अरे, मरेल ती!"

"रेघ बघ ना, चढतेय. चोच मारतेय म्हणजे ठीक आहे."

दिवा लागला की दाणा येतो, हे त्यानंच तिला शिकवलेलं. ती बिचारी विसरेना. मी पेटीची किल्ली हिसकायला गेले तर नालायकानं मला ढकललं. थॅचरना फोन केला, तर ते मासे धरायला गेलेले.

सोमवारी थॅचरनी दार उघडलं. डचेस चकतीखाली मरून पडली होती, चोच रक्तानं माखलेली. मर्ल हुंदके देत सगळं बोलून गेला. थॅचर कागद उलगडत राहिले.

"दाणा एक नाही आणि रेघ रविवारपर्यंत चढतीच! रडतोस काय गाढवा? हाच तुझा प्रबंध. जा, दुसरं आण. या खेपेला दाणा मुद्दामच बंद ठेवू."

मर्लनं बाहीला नाक पुसलं. मला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. तो पिंजऱ्यांपाशी गेला. त्याचा हात दिसताच सगळी कबुतरं जाळीकडे धावत आली.