आधीपासूनचे आजार

आमच्या मावशीला गेली वीस वर्षं काही ना काही होतंय आणि ते आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. डावा गुडघा, उजवा खांदा, पित्त, चक्कर, कानात वाजणारी शिट्टी. तिला "कशी आहेस?" विचारणारा माणूस अर्धा तास जागचा हलत नाही. कुणी डॉक्टर "काही नाही, वय झालं" म्हणाला की ती डॉक्टर बदलते.

मी विमा विकतो. परदेशी जाणाऱ्यांचा आरोग्य विमा. तो दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही म्हणून लोक माझी पायरी चढतात, हौसेनं कुणी येत नाही. मावशीची मुलगी तिकडे तीन आठवड्यांनी बाळंत व्हायची होती. व्हिसाच्या ऑफिसातली वेळ शुक्रवारची, त्याआधी पॉलिसी हातात हवी. सोमवारी मावशी काकांना घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मांडीवर गोळ्यांचा डबा.

फॉर्मचं तिसरं पान म्हणजे माझ्या डोक्याला ताप. 'आधीपासूनचे आजार.' तिथे एक ओळ लिहा, कंपनी कागद मागते. ते द्या, आणखी मागते.

"मावशी, इथे 'काही नाही' लिहितोय."

"काही नाही? मग वीस वर्षं मी काय नाटकं करतेय?"

"अगं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं काही आहे का?"

"त्या मेल्यांना काय कळतंय! तू लिही. गुडघा. डावा लिही हं, नाहीतर उजवा लिहून ठेवशील."

"पुरवणी दे रे तिला," काका म्हणाले. "एका पानात नाही मावायचं."

मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मग तिनं त्यांना पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला पिटाळलं. माझ्याकडे तीन होत्या, पण मध्ये कोण बोलणार! दार बंद झाल्याबरोबर ती पुढे झुकली.

"हृदयाचं कुठे लिहायचं?"

"आता हृदय पण?" मी पेन आपटलं. "बास की गं!"

पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून तिनं माझ्यापुढे ठेवला. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, दोन वर्षांपूर्वीचं. अँजिओप्लास्टी. मी दोनदा वाचलं. खाली नातेवाइकाच्या सहीच्या जागी माझ्या सख्ख्या आईची सही.

"तेव्हा तू आईकडे आठ दिवस राहायला गेली होतीस ना?"

"ताईनं तसं सांगितलं ना? मग तसंच."

"आणि काका?"

"त्यांना कळलं असतं तर पोरीला कळलं असतं. ती निघाली होती त्या आठवड्यात. नवी नोकरी, नवा संसार. थांबली असती ती."

"अगं, पण औषधं?"

"इतक्या गोळ्यांत चार वाढल्या तर कुणाला पत्ता लागतो?"

जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती माझी आई दोन वर्षं गप्प बसली होती! मावशीचा मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी मायाही वाटली.

"हे नको लिहूया," मी म्हणालो. "कंपनीनं नकार दिला तर शुक्रवार गेला आणि तुझं जाणंही गेलं."

"आणि न लिहिता गेले, तिकडे काही झालं तर?"

"तर कंपनी जुने कागद उकरून काढते आणि हात झटकते, अगदी नुसता पाय मोडला तरी. सगळं तुझ्या लेकीच्या गळ्यात."

"मग लिही."

"मावशी, बाळ बघायला मिळणार नाही कदाचित."

"कळतंय मला. लिही म्हटलं ना!" तिचे डोळे भरले होते, पण आवाज तोच, भाजीवाल्याला झापतानाचा.

लिहिलं. मग तीन दिवस कंपनीच्या माणसांना फोन करकरून मी जीव नकोसा केला. गुरुवारी दुपारी पॉलिसी आली. हृदय आणि हृदयामुळे जे काही होईल ते वगळून बाकी सगळं मंजूर. व्हिसाला तेवढं पुरतं. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांनी मावशीच्या मुलीचा फोन आला, तेव्हा माझा गाढवपणा माझ्या लक्षात आला. म्हाताऱ्या माणसांना ईमेल नसतो, म्हणून मी सवयीनं मुलांचा टाकतो. कंपनीनं पॉलिसी तिलाही पाठवली होती.

"दादा, आईचं हृदय का वगळलंय?"

पंधरा वर्षं या जिभेवर पोट भरतोय, पण तोंडातून "कंपनीचे नियम गं" एवढंच निघालं.

"इथे अँजिओप्लास्टीची तारीख दिलीये," ती म्हणाली. "मी निघाले त्याच्या आदल्या दिवसाची." "विमानतळावर आली नाही म्हणून मी सहा महिने तिच्याशी धड बोलले नाही रे. बहिणीकडे मजा मारत बसली, असं तिला तोंडावर म्हणाले. आणि तिनं ऐकून घेतलं."

ती रडत होती. मीही.

"नको येऊ म्हणून सांगू का तिला?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? येऊ दे. फक्त मला कळलंय हे तिला सांगू नकोस. नाहीतर पोर काळजी करत बसेल म्हणून ती तिकीटच रद्द करेल."