वरची मिरची

“डावीकडं नको गं, सरळ. घोडागाड्या उभ्या राहतात ना, तिथून खाली जिना हाय,” लहानू पंचवटीच्या भाजीबाजारात फोनवर ओरडून सांगत होता.

“काका, वांगी कशी दिली?” समोरून प्रतिभाताईंनी विचारलं.

“थांबा जरा. मी क्यूबेकात हाय.”

प्रतिभाताई थांबल्या. इतक्या लांबच्या माणसाशी घासाघीस कशी करायची, हे त्यांनाही सुचेना.

फोनमध्ये दिशा होती, लहानूची मुलगी. राहते कॅनडातच, पण दुसऱ्या गावी. बापानं हट्ट धरला म्हणून आदल्या दिवशी क्यूबेकात येऊन मुक्कामाला राहिली होती. इथे दिवेलागण, तिथे सकाळ.

तिच्या बाळंतपणाला लहानू आणि त्याची बायको नवसाबाई तिकडे गेले, तेव्हा तिचं बिऱ्हाड क्यूबेकातच होतं. बाळ-बाळंतीण झोपली की दोघं पायी गाव बघायला निघत. दगडी गल्ल्या, भोवती तट, खाली नदी, मध्येच घोड्याची लीद. नवसाबाईला पहिल्याच दिवशी करमलं. “आपली पंचवटीच हाय, फक्त लोक गोरे,” ती म्हणाली. एका हॉटेलात कांद्याचं सूप मिळालं, वर चीज वितळवलेलं. “चांदवडच्या कांदेवाल्यांना कळू देऊ नका, उद्याच भाव चढवतील,” तिनं लहानूला बजावलं. दुसरीकडे तळलेल्या बटाट्यांवर रस्सा ओतून आला, तेव्हा तिला वेटरची दया आली. पोराचा हात चुकला असणार. मालकाला कळू नये म्हणून तिनं बशी चाटूनपुसून साफ केली.

खरा घोळ झाला तो जिन्याखालच्या बेकरीत. पाव घेतला की गल्ल्यावरची म्हातारी हसून म्हणायची, “मेर्सी.” नवसाबाईनं जन्मभर भाजी विकलेली. सौदा संपला की शेवटी काय मागतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“बघा, इथंबी वरून मिरची मागतात.”

“अगं, पण मागते ती दुकानदारीण. गिऱ्हाईक आपण हाय.”

“परमुलूख हाय. इथं उलटं असंल.”

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून हिरव्या मिरच्या काढून गल्ल्यावर ठेवल्या. म्हातारी चक्रावली, मग म्हणाली, “मेर्सी.”

“पुरल्या नाय तिला,” नवसाबाई म्हणाली, आणि आणखी ठेवल्या.

‘मेर्सी’ म्हणजे आभार, हे दिशानं सांगितलं तोवर उशीर झाला होता. म्हातारी नवसाबाईसाठी पाव राखून ठेवायला लागली होती. दोघी काउंटरवर कोपरं टेकून बोलत बसत, ही मराठीत, ती फ्रेंचमध्ये. मतभेद कधीच झाला नाही. निघताना नवसाबाई म्हणाली होती, “येते परत. मिरचीचं बी घेऊन येते.”

नवसाबाईचं आता वर्षश्राद्ध आलं. ती गेल्यापासून या दुकानावर वरची मिरची बंद होती. ते खातं तिचं होतं. ती गेली तेव्हा सायखेड्याला, चांदवडला, सगळ्या पाव्हण्यांना निरोप गेले. त्या म्हातारीला तेवढं कळवायचं राहिलं. मैत्रीण होती. तिला अंधारात कसं ठेवायचं, हे लहानूला वर्षभर टोचत होतं.

फोनमध्ये बेकरीच्या दाराची घंटी किणकिणली.

“पप्पा, आहे ती. तीच आहे,” दिशा हळूच म्हणाली.

पडद्यावर म्हातारी आली. चष्मा सरकवून तिनं लहानूला ओळखलं, आणि लगेच त्याच्या खांद्यामागे कुणालातरी शोधायला लागली. भराभर काहीतरी बोलली.

“काय म्हणते?”

“आई कुठंय, विचारते.”

लहानूनं शेजारी पाहिलं. उलटा घातलेला क्रेट, त्यावर नवसाबाईच्या बैठकीचं गोणपाट, घडी केलेलं. फोनमध्ये म्हातारी अजून मान वाकडी करून वाट बघत होती.

“सांगू ना, पप्पा?”

“नको.”

“अहो, याच्यासाठीच तर आले मी.”

“सांग, मळ्यात हाय. मिरचीची तोडणी चालू हाय. हात रिकामा नाय तिचा.”

दिशा म्हातारीकडे वळली. मग फ्रेंचमध्ये दोनच वाक्यं बोलली. म्हातारी खुशीत हसली, मान डोलावली, आणि तोंड फोनच्या अगदी जवळ आणून म्हणाली, “मेर्सी.”

लहानूचा हात आपोआप मिरच्यांच्या ढिगाकडे गेला. त्यानं मूठभर उचलल्या आणि हात तसाच अधांतरी थांबला.

प्रतिभाताईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. वांगी अजून तोलायचीच होती.