झिजलेल्या तारा

दियास आणि एरमेकच्या मॅचच्या आदल्या दिवशी तोलेगेन झानिलच्या पत्र्याच्या खोलीत आला, तेव्हा त्याच्या वहीत दोन रकाने होते. दियासचा काठोकाठ भरलेला, एरमेकचा कोरा. कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या पेपरात तोलेगेन वीस वर्षं टेनिसवर लिहीत होता, आणि वीस वर्षं कोर्टाकडे पाठ करून कलिंगड खात होता. एरमेकला त्यानं एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. पोरगा गावाकडून बसनं येऊन सकाळी सहाला खेळतो, सहाला तोलेगेन घोरत असतो.

झानिल क्लबातल्या रॅकेटींचं गटिंग करायची, म्हणजे तारा ओवून ताणून द्यायची. दोघांच्या रॅकेटी तिच्यापुढेच पडल्या होत्या. तिनं दाखवलं: एरमेकच्या तारा बरोबर मध्यावर, चेंडूएवढ्या जागेत झिजल्यात, बाकी नव्या कोऱ्या. दियासच्या मध्यावर ओरखडा नाही, चौकटीच्या कडेच्या रंगाचे मात्र टवके उडालेले. एक चेंडूकडे बघून मारतो, दुसरा प्रेक्षकांकडे बघून. जिंकेल त्याला अल्मातीच्या स्पर्धेत थेट प्रवेश होता, आणि तो एरमेकला मिळावा असं झानिलला वाटत होतं. तिनं ते लपवलंही नाही. तोलेगेननं सगळं लिहून घेतलं.

सकाळी पेपरात तिचा शब्द न् शब्द होता. फक्त रकान्यांवरच्या नावांची अदलाबदल झाली होती. खाली ‘जाणकार झानिल आपांच्या मते’.

नऊ वाजता दियासचं पोट दुखायला लागलं. सामना झाला नाही तर निर्णय क्लबच्या समितीचा, असा नियम. समितीचे उपाध्यक्ष म्हणजे दियासचे सख्खे मामा. ते म्हणाले, जाणकारांनी लेखी तुलना करून ठेवलीय, आता खेळायचं कशाला? माना डोलल्या. प्रवेश दियासला.

झानिल दोन्ही रॅकेटी घेऊन गेली, तेव्हा समिती तोलेगेनला घेऊन बेशबर्माकवर, हातानं खायच्या मटणाच्या ताटांवर, तुटून पडली होती. तिनं ताटांच्या मधोमध रॅकेटी ठेवल्या. “बोट फिरवून बघा.”

मामांची बोटं चरबीनं माखली होती. त्यांनी ती चाटली, रॅकेटीला लावली नाहीत. “आपा, पेपरात नाव तुमचंच आहे. तुम्ही खोटं बोललात असं आम्ही म्हणायचं का?”

“मी बोलले ते खरं. तुमच्या माणसानं नावं फिरवली.”

“जाऊ द्या. मंगळवारी दियास निघतोय. त्याच्या रॅकेटीचं तेवढं गटिंग करून ठेवा.”

“मधल्या तारा कशाला बदलायच्या? तिथं चेंडू अजून पोचलाच नाही. कडेला रंग मारून देते हवं तर.”

तोलेगेन फिसकन हसला. मग मामांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला खोकला आला.

एरमेक बाहेर भिंतीवर चेंडू मारत होता. निर्णय त्याला कुणीच सांगितला नव्हता. तेवढं काम समितीनं आपासाठी राखून ठेवलेलं. तिनं सांगितलं, काहीही मऊ न करता. एरमेकनं चेंडू खिशात घातला आणि कोर्टाच्या कट्ट्यावर बसला.

“दियासचं पोट दुखायचं कधी थांबेल, आपा? मी आहे इथंच.”