कच्ची गळसरी

थोरलीचा राग असा, की तिनं नुसतं बघितलं तरी रिकामी किटली शिट्टी घालायची. पण त्या रागावरच दोघी जावांचा धंदा उभा होता. थोरली चटईवर लोकरीचे थर पसरायची, वर गरम साबणपाणी शिंपडायची आणि एकेका नातेवाइकाचा उद्धार करत चटई गुंडाळून लाटायची. सुरुवात सासऱ्यांपासून. नणंदेपर्यंत पोचेस्तोवर लोकर आटून इतकी घट्ट व्हायची, की कात्रीनं हात जोडावेत. त्यातून ती मणी, कर्णफुलं, गळसऱ्या घडवायची. धाकटी ते विकायची.

थोरलीचा नियम एकच. शांत डोक्यानं लोकर लाटायची नाही. राग ओसरला, काम बंद.

त्या दुपारी एक गळसरी निम्म्यावर आली होती, तेवढ्यात सासूबाईंची कवळी साबणाच्या बादलीत पडली. त्यांनी ती तशीच तोंडात घातली आणि सुनेला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर शिवीमागे बुडबुडा! थोरलीला हसू फुटलं. झालं, गळसरी कच्चीच राहिली. साबणसुद्धा धुतला नव्हता.

सकाळी बघते तर गळसरी गायब, धाकटीही गायब. प्रदर्शन होतं ना!

थोरली तरातरा तिथं पोचली आणि दारातच थबकली. दाराएवढा फ्लेक्स. ‘लोकरीचे दागिने : मातीतून आले, मातीत जातील. संकल्पना आणि निर्मिती’, आणि खाली एकट्या धाकटीचं नाव, एकट्या धाकटीचा हसरा फोटो.

"हे काय गं भवाने?"

"जाऊबाई, हळू! लोक बघतायत. एकच नाव असलं की लक्षात राहतं लोकांच्या."

"मग माझं लावायचंस!"

"तुम्ही बोलता कुठं लोकांशी? भांडता."

"तोंड वर करून बोलतेस? आणि गळ्यातली काढ आधी. कच्ची आहे ती."

"मला शोभतेय म्हणून जळताय तुम्ही," म्हणत धाकटी मंचावर चढलीसुद्धा.

वर भट्टीसारखे दिवे. धाकटीला घाम फुटला. तिची बोलताना मान हलवायची सवय दांडगी. ऊब, पाणी, चोळणी, लोकरीला आणखी काय लागतं? गळ्याभोवती फेस आला. गळसरी आटू लागली.

"मित्रहो, प्लॅस्टिक या पृथ्वीचा गळा..." धाकटीचा आवाज शिट्टीसारखा बारीक झाला, "...घोटतंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढी तळमळ! गळसरीला ना फासा ना आकडा, डोक्यातून घालायची. आता ती हनुवटीही ओलांडेना. धाकटी लालबुंद होऊन हातवारे करू लागली.

थोरली मांडणीवरची कात्री घेऊन वर गेली. कात्रीचं टोक लोकरीखाली सरकवलं आणि थांबली.

"कुणी केली ही?"

"आ... आपण."

"आपण कोण?"

"तुम्ही! सगळं तुम्ही केलंत, जाऊबाई! कापा ना!"

माइक चालूच होता. सभागृहभर ऐकू गेलं. मग थोरलीनं कात्री चालवली. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे.

धाकटी मान चोळत म्हणाली, "आता तरी गेला ना राग?"

थोरलीनं तुटलेली पट्टी चिमटीत दाबून पाहिली. दगडासारखी दाट, सायीसारखी मऊसूत. असा पोत तिच्या हाताला जन्मात साधला नव्हता.

"जाईल कसा, मेले? माझी सगळ्यात चांगली गळसरी तुझ्या मानेवर पिकली, आणि मलाच कापावी लागली!"

जाताना तिनं दारातला फ्लेक्स ओरबाडून काढला. घरी येऊन तो जमिनीवर उताणा पसरला, त्यावर लोकरीचे थर मांडले आणि धाकटीच्या हसऱ्या तोंडावर उकळतं साबणपाणी ओतलं. त्या दिवशी सासऱ्यांना सुट्टी मिळाली. लाटणं धाकटीपासून सुरू झालं, आणि दुसऱ्या कुणाचा नंबरच लागला नाही.